मनगटापर्यंत सॉस

मी मूळची कोल्हापूरची, आणि आता बरीच वर्षं अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, सीडर रॅपिड्स नावाच्या गावात राहणारी. मांसाहाराच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकून घ्यायची सवय कोल्हापूरच्या माणसाला नसते. त्यामुळे स्लॉपी जो नावाच्या इथल्या सँडविचकडे मी बराच काळ नाक वर करून बघत होते. बीफचा खिमा, कांदा, ढबू मिरची, टोमॅटोचा आंबटगोड सॉस, आणि हे सगळं एका मऊ बनमध्ये कसंबसं कोंबलेलं. शाळेच्या कॅन्टीनमध्ये तेच, चर्चच्या तळघरातल्या सामुदायिक जेवणात तेच, आणि कुणाचं पोरगं बारावी झालं की त्यांच्या गॅरेजमधल्या पार्टीत स्लो कुकरमध्ये रटरटणारंही तेच. आता आमच्या घरी आठवड्यातली एक संध्याकाळ त्याच्या नावाची आहे. मधल्या काळात जे कळत गेलं ते लिहिते आहे. आकडे टाकलेत, कारण मला विषय सोडून भटकायची खोड आहे.

१. सोप्या जेवणाची लाज वाटून घेण्यात माझा फार वेळ गेला. माहेरी खिमा म्हणजे रविवार. सकाळी खाटकाकडे रांग, मग सुकं खोबरं भाजणं, तीळ-खसखस, आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण, आणि दुपारी दीडला ताट. इतका खटाटोप केल्याशिवाय मांस शिजवण्याचा आपल्याला हक्कच नाही, अशी माझी समजूत होती. इथे बुधवारी साडेसहाला लेकीचा पोहण्याचा क्लास असतो, नवरा सहाला घरात शिरतो, आणि मी अर्ध्या तासात गॅस बंद करून मोकळी होते. याचं मला आतून टोचायचं. जेवायला बसलेल्यांपैकी कुणालाच ते टोचत नव्हतं, हे मात्र दिसत नव्हतं. मग आठवलं, आई तरी बुधवारी काय करायची? पिठलं-भात. पिठलं वाढताना ती कधी ओशाळली नाही आणि आम्हीही पिठल्याला कधी तांबड्या रश्श्याचा हिशेब मागितला नाही. स्लॉपी जो हे आयोवाचं पिठलं आहे, असं मी आता मैत्रिणींना सांगते. त्या हसतात, पण वाद घालत नाहीत.

२. प्रत्येक पदार्थाला आपल्या मदतीची गरज असते असं नाही. कांदा-लसूण मसाल्याची बरणी माझ्या हाताशीच असते, आणि हात आपोआप तिकडे जातो. सुरुवातीला मी त्या खिम्यात दोन चमचे मसाला, वर धनेपूड, शेवटी कोथिंबीर असं सगळं घालत असे, आणि चव अर्थातच उत्तम येई. लेक तेव्हा तिसरीत होती. तिने निमूटपणे खाल्लं आणि म्हणाली, ‘आई, छान झालंय, पण हे ते नाहीये.’ बरोबर होतं तिचं. ते खिमा-पाव होतं. मुंबईच्या इराणी हॉटेलात ते ऐटीत बसलं असतं, पण तिच्या शाळेच्या ताटातल्या सँडविचशी त्याचं काही नातं नव्हतं. त्या सँडविचची चव केचपच्या गोडीवर, व्हिनेगरच्या आंबटावर आणि मोहरीच्या सॉसच्या किंचित झणक्यावर उभी होती. हाइन्झ कंपनी १८७६ पासून केचप विकते आहे. तेव्हापासून इथल्या पिढ्यांच्या जिभेवर ही आंबटगोड चव बसली आहे. माझ्या मसाल्यासमोर ती टिकत नाही, कारण माझा मसाला कुणालाच टिकू देत नाही. आता बरणी टेबलावर ठेवते. ज्याला हवं त्याने वरून भुरभुरवावं. बहुतेक वेळा ती मीच उघडते.

३. मसाला काढून घेतल्यावर कळलं की मला खिमा परतायलाच येत नव्हता. आपल्या खिम्यात वाटण, टोमॅटो, गरम मसाला इतकं काही असतं की मांस कसं भाजलंय याची चौकशी कोणी करत नाही. इथे लपायला जागाच नाही. पातेलं लहान आणि खिमा जास्त असला की पाणी सुटतं, आणि पाणी आहे तोवर पातेल्यातलं तापमान शंभर अंशांच्या वर फारसं जात नाही. म्हणजे मांस भाजलं जात नाही, उकडलं जातं; करडं, रबरी, शाळेच्या कॅन्टीनची बदनामी करणारं. तांबूस रंग आणि तो खमंग वास येतो साधारण १४० अंशांच्या आसपास, प्रथिनं आणि साखर यांच्या एका अभिक्रियेतून. लुई-कामीय मायार या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने १९१२ साली तिचं वर्णन केलं. माझ्या आजीला मायार माहीत नव्हता, पण ‘पाणी आटू दे, मग हलव’ हे ती दिवसातून दहा वेळा म्हणायची.

तेव्हा आता असं करते. बिडाची रुंद कढई आधी धूर यायच्या बेताला तापवायची. खिमा एकदम पसरून टाकायचा आणि तीन-चार मिनिटं त्याला हातच लावायचा नाही. हे सगळ्यात अवघड आहे. हातात उलथनं असताना नुसतं उभं राहणं मराठी स्वयंपाकिणीच्या रक्तात नाही. खाली चांगला रंग धरला की उलटायचं आणि मग गठ्ठे फोडायचे. त्यासाठी इथे वेगळी प्लास्टिकची हत्यारं मिळतात. मी पावभाजीचा मॅशर वापरते, आणि इथल्या मैत्रिणींपैकी काहींनी तो भारतातून मागवून घेतला आहे. खिम्याला आधी चमचाभर पाण्यात कालवलेला चिमूटभर खायचा सोडा चोळून पंधरा मिनिटं ठेवलं तर पाणी कमी सुटतं आणि रंग लवकर येतो, हे नंतर वाचून कळलं. करून पाहिलं, खरं आहे. चिमूट मात्र चिमूटच असावी, नाहीतर साबणाची चव येते.

४. चरबीवरचं माझं प्रेमही इथे येऊन तपासावं लागलं. मिसळीवरचा कट बघून आमचा जीव शांत होतो. वर तवंग नसेल तर हॉटेलवाल्याने फसवलं असं वाटतं. इथल्या खिम्याच्या पाकिटावर ८०/२० असं लिहिलेलं असतं, म्हणजे ८० टक्के मांस आणि २० टक्के चरबी. कायद्याने ३० टक्क्यांपर्यंत चालते. साधारण ४५० ग्रॅमच्या पाकिटात २० टक्के म्हणजे ९० ग्रॅम चरबी झाली. ती कढईत सुटलेली पाहून मला आधी आनंदच झाला. पण शेंगदाण्याच्या तेलासारखी ती वर तरंगत राहत नाही. ताट जरा गार झालं की टाळूला मेणासारखी चिकटते. म्हणून आता ८५/१५ आणते, आणि तरीही चमचाभर ठेवून बाकीची काढून टाकते. ती बेसिनमध्ये ओतायची नसते, पाईपमध्ये गोठून बसते. रिकाम्या डब्यात ओतायची, थिजू द्यायची आणि कचऱ्यात टाकायची. डबा टाकताना अजूनही मला काहीतरी मौल्यवान फेकल्यासारखं होतं.

५. रंगावर विश्वास ठेवू नये. पाकीट फोडलं की खिमा वरून लालबुंद आणि आत तपकिरी दिसतो. शिळा माल दिला म्हणून दुकानदाराशी भांडायच्या तयारीत आलेले नवे लोक मी पाहिले आहेत. वर हवा लागते म्हणून लाल, आत लागत नाही म्हणून तपकिरी, एवढंच. शिजल्यावरही रंग फसवतो. दळलेलं मांस आतून ७१ अंश सेल्सिअसपर्यंत तापायला हवं असं इथलं सरकार सांगतं, कारण अखंड तुकड्याच्या फक्त पृष्ठभागावर असणारे जंतू दळताना आतवर पोचतात. सॉसमध्ये दहा-पंधरा मिनिटं रटरटल्यावर तो प्रश्नच उरत नाही. या बाबतीत बर्गरवाल्यांपेक्षा आम्ही निवांत.

६. काही गोष्टी घरात न बोलता ठरतात, आणि तशाच राहू द्याव्यात. मी ज्या घरात वाढले तिथे बीफ आलं नाही, येणारही नाही. महाराष्ट्रात गोहत्येवर बंदी जुनीच. २०१५ साली बैल आणि वळूही तिच्या कक्षेत आले. इथे मात्र ते दूध-ब्रेडच्या शेजारच्या कपाटात असतं, आणि शाळेत लेकीच्या ताटात आधी आलं, आमच्या विचारात नंतर. नवरा खातो, लेक खाते, मीही खाते. आईला हे माहीत आहे असा माझा अंदाज आहे. ती विचारत नाही, मी सांगत नाही. फोनवर ‘काय केलंस आज?’ विचारलं तर मी ‘खिमा’ म्हणते, आणि ती पुढचा प्रश्न पावसाचा विचारते. सासरचे लोक राहायला आले की मी टर्कीचा खिमा आणते, वेगळी कढई आणि वेगळं उलथनं काढते. सॉस तोच. माझी एक मैत्रीण मडगावची आहे. तिच्या घरी बीफ चिली-फ्राय पावात घालून खाण्यात काही नवल नव्हतं, त्यामुळे आमची ही दोन कढयांची कसरत तिला फार विनोदी वाटते. वाटू दे. तिला हसताना मी थांबवत नाही आणि दुसरी कढईही बंद करत नाही.

७. जीभ शिकलेली असणं आणि माणूस शिकलेला असणं यांचा एकमेकांशी संबंध नाही. सासरे उन्हाळ्यात आले होते. त्यांच्यासमोर टर्कीचं सँडविच ठेवलं. त्यांनी पहिला घास खाल्ला, थांबले, दुसरा खाल्ला.

‘ह्यात चिंच घातलीस काय गं?’

‘नाही ओ बाबा. केचप आहे, जरा व्हिनेगर आहे.’

‘ते पुढनं येतंय. मागनं येतंय ते चिंचेचं हाय बघ.’

मी हसून सोडून दिलं. जेवण झाल्यावर बाटल्या आवरताना वूस्टरशायर सॉसच्या लेबलवर सहज नजर गेली. व्हिनेगर, मळी, कांदा, लसूण, अँकोव्ही मासे, लवंग, चिंचेचा अर्क. ली आणि पेरिन्स या इंग्लंडमधल्या दोन औषधविक्रेत्यांनी हा सॉस १८३७ साली बाजारात आणला. बंगालहून परतलेल्या कुणा लॉर्डची एक दंतकथा त्याच्याभोवती सांगतात, ती बाजूला ठेवू. चिंच दंतकथेत नाही, लेबलवर छापलेली आहे. मी वर्षानुवर्षं ती बाटली वापरत होते. डझनभर देशांतलं जेवण जेवले आहे, चीजबद्दल मतं राखून आहे. आणि ज्यांनी आयुष्यात त्या सॉसचं नाव ऐकलं नव्हतं, ज्यांचं सगळं खाणं गडहिंग्लज ते कोल्हापूर एवढ्या पट्ट्यात झालं, त्यांनी दुसऱ्या घासाला चिंच ओळखली. मी बाटली त्यांना नेऊन दाखवली. त्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही. ‘मग सांगितलं की,’ म्हणाले आणि टीव्हीकडे वळले.

८. त्याच बाटलीतल्या माशांमुळे मला अख्ख्या मसुराची आठवण झाली. मंडळाच्या सहलीला स्लॉपी जो करायचं ठरलं, आणि अर्धे लोक शाकाहारी. बाजारातलं शाकाहारी मांस महाग, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत नाही. मग अख्खा मसूर भिजवून, दाणा मोडणार नाही इतपत शिजवला आणि तोच सॉस केला. फक्त वूस्टरशायरच्या जागी चिंचेचा कोळ, थोडा गूळ आणि चमचाभर सोया सॉस. कराड-इस्लामपूरकडच्या ढाब्यांवर ज्यांनी रोटीबरोबर अख्खा मसूर ओरपला आहे त्यांना वेगळं सांगायला नको की हे धान्य घट्ट रश्श्यात किती शहाण्यासारखं वागतं. सहलीत मांसाचं पातेलं अर्धं उरलं आणि मसुराचं चाटूनपुसून संपलं. शाकाहारी लोकांना पुरलं नाही, कारण मांसाहारी लोक आधी रांगेत उभे होते.

९. या पदार्थाच्या जन्माबद्दल वाद घालू नये, विशेषतः फोनवर. माझी नणंद न्यू जर्सीत एडिसनला राहते. तिला एकदा उत्साहाने सांगितलं की आज स्लॉपी जो केला, तर ती म्हणाली, ‘कोलस्लॉ घरी केलंस की विकत आणलंस?’ मी म्हटलं, कोलस्लॉ कशाला? ती म्हणाली, मग राय ब्रेडच्या मध्ये काय घातलंस? आम्ही दोघी दहा मिनिटं एकमेकींना वेड्यात काढत होतो. तिच्या भागात त्याच नावाने मिळतं ते गार, तीन थरांचं सँडविच: राय ब्रेड, कापलेलं थंड मांस, स्विस चीज, कोलस्लॉ आणि रशियन ड्रेसिंग. खिम्याचा मागमूस नाही. हवानात याच नावाचा एक प्रसिद्ध बार आहे, बरीच वर्षं बंद राहून २०१३ साली पुन्हा उघडलेला. फ्लोरिडातल्या की वेस्टला दुसरा आहे, जिथे हेमिंग्वे बसत असे. दोन्हीकडचे लोक सँडविचवर हक्क सांगतात.

मी आयोवाची बाजू घेते, त्यात माझा स्वार्थ आहे. आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर मिसिसिपीकाठी मस्कटीन नावाचं गाव आहे. तिथे १९२६ साली फ्रेड एंजेल नावाच्या खाटकाने मोकळा शिजवलेला खिमा बनमध्ये घालून विकायला सुरुवात केली, आणि त्यातून मेड-राइट ही दुकानांची साखळी उभी राहिली. त्यात सॉस नसतो. कांदा, लोणच्याची काकडी, मोहरी एवढंच. सोबत एक चमचा देतात, सांडलेलं गोळा करायला. ज्या दुकानदाराला आपला माल गिऱ्हाईकाच्या ताटात सांडणार हे पहिल्या दिवसापासून मान्य आहे, त्याच्याबद्दल मला आदर वाटतो.

१०. शेजारणीचं गुपित हे बऱ्याचदा सगळ्या जिल्ह्याचं गुपित असतं. पलीकडच्या घरात एक ऐंशीच्या घरातल्या बाई राहतात. त्यांचा स्लॉपी जो माझ्यापेक्षा नेहमीच सरस व्हायचा. सॉसला एक गोलाई, जी माझ्या कुठल्याच प्रमाणात येत नव्हती. पुष्कळ दिवस मागे लागल्यावर त्यांनी मला स्वयंपाकघरात बोलावलं, कपाट उघडलं आणि कॅम्पबेलच्या चिकन गंबो सूपचा डबा टेबलावर ठेवला. भात, भेंडी, कोंबडीचं पाणी. तो अख्खा डबा खिम्यात रिकामा करायचा आणि आटवायचा. कुणाला सांगू नकोस, म्हणाल्या. मी शब्द दिला आणि पाळला. पुढे एका चर्चच्या विक्रीत बायकांनी मिळून छापलेलं, स्प्रिंगने बांधलेलं पाककृतींचं जुनं पुस्तक हाती लागलं. त्यात स्लॉपी जोच्या कृती होत्या चार, आणि त्यांतल्या तिनांत चिकन गंबो होतं. बाईंना मी हे सांगितलेलं नाही. भेंडी मात्र मी त्यानंतर मान्य केली: चार-पाच भेंड्या अगदी बारीक चिरून सॉसमध्ये विरघळवल्या की दाटपणाही येतो, आणि भेंडीला नाक मुरडणाऱ्या लेकीच्या पोटातही जाते.

११. मोठ्या संकटात माणूस आपलं उत्तम जेवण करत नाही, जे हाताशी असतं ते करतो. १० ऑगस्ट २०२० ला दुपारी आमच्या गावावर डेरेचो नावाचं वादळ आलं. वारा सरळ रेषेत येणारा, चक्रीवादळासारखा फिरणारा नव्हे. त्याचा वेग आमच्या भागात ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास गेला असावा, असा अंदाज नंतर हवामान खात्याने दिला. गावातली निम्म्याहून अधिक झाडांची सावली एका दुपारीत गेली. वीज तर गेलीच, आणि कित्येक दिवस आली नाही. त्यात कोरोनाचं साल. एकमेकांच्या घरात शिरायची सोय नव्हती.

गच्च भरलेला फ्रीझर दार न उघडता जेमतेम दोन दिवस तग धरतो. दुसऱ्या संध्याकाळी गल्लीतल्या प्रत्येकाला तोच हिशेब सुटला. लोक आपापल्या अंगणात गॅसच्या शेगड्या काढून उभे राहिले. कुणाकडे बीफ, कुणाकडे स्वतः शिकार केलेल्या हरणाचा खिमा, आमच्याकडे सासऱ्यांसाठी आणून ठेवलेली टर्की. मोठं पातेलं फक्त माझ्याकडे होतं, गणपतीच्या जेवणाचं. ज्यांना चालत होतं त्यांचं सगळं मांस त्यात गेलं. कांदे मी चिरले. टोमॅटो सॉसचे डबे, केचपच्या अर्ध्या बाटल्या, एकाने बार्बेक्यू सॉस, एकीने लोणच्याच्या बरणीतलं उरलेलं पाणी असं करत करत सॉस जमला. बन मिळाले नाहीत, साधा कापलेला ब्रेड होता. प्रत्येकाने आपली खुर्ची आपल्या अंगणाच्या कडेला आणली आणि मी मास्क लावून पळीने वाढत फिरले. रस्ता पडलेल्या ओक झाडांनी बंद होता, त्यामुळे गाड्यांची भीती नव्हती.

चवीबद्दल विचाराल तर जरा गोड झालं होतं. पण तीन जातींचं मांस आणि आठ घरांचे सॉस एकत्र येऊनही ते बिघडलं नाही, हे मला अजून आश्चर्याचं वाटतं. माझा रविवारचा खिमा इतक्या हातांनी खात्रीने बिघडवला असता. आमच्या घरात पदार्थाला एक मालकीण असते आणि बाकीचे ‘मी चव बघू का?’ विचारतात. या पातेल्याला मालकीण नव्हती. मी पातेल्याची मालकीण होते, ते वेगळं.

१२. सांडणं टाळता येत नाही, थोडं पुढे ढकलता येतं. बन मधोमध कापून आतल्या बाजूने लोणी लावून तव्यावर कडक भाजावा, जसा आपण पावभाजीचा पाव भाजतो. भाजलेला थर सॉसला काही मिनिटं अडवतो, तेवढी पुरतात. सॉस किती आटवायचा याची खूण अशी: कढईच्या तळातून चमचा ओढला तर मागे वाट दिसावी आणि ती सावकाश मिटावी. लगेच मिटली तर अजून पाच मिनिटं. मिटलीच नाही तर दोन चमचे पाणी. आमच्याकडे लोणच्याची काकडी आत जाते, बटाट्याचे वेफर्स बाजूला. लेक वेफर्स आत घालून वरून दाबते. तो आवाज तिला आवडतो.

सासऱ्यांनी मात्र हा प्रश्नच निकाली काढला होता. त्यांनी सँडविच उघडलं, खिमा ताटात एका बाजूला घेतला, बनचे तुकडे तोडले आणि बुडवून बुडवून खाल्ले. एक थेंब सांडला नाही. ‘एवढं मोठं तोंड कुणाचं असतंय?’ एवढंच म्हणाले. लेक त्यांच्याकडे बघत राहिली, आणि मग तिने आपलंही उघडलं.

१३. ‘अंदाजाने’ हे उत्तर मागणाऱ्याला टाळायला बरं असतं. पूर्वी मी तेच देत असे. आता लिहूनच देते. ४५० ग्रॅम खिमा, म्हणजे चार मोठे किंवा पाच बेताचे बन. एक मध्यम कांदा, अर्धी ढबू मिरची, दोन-तीन लसूण पाकळ्या. खिमा भाजून चरबी काढली की त्याच कढईत हे परतायचं, मग चमचाभर टोमॅटो पेस्ट, तिचा कच्चा वास जाईपर्यंत. पाऊण कप केचप, अर्धा कप पाणी, एक मोठा चमचा वूस्टरशायर, एक लहान चमचा मोहरीचा सॉस, एक लहान चमचा व्हिनेगर, मिरपूड. मीठ शेवटी, कारण केचप आणि वूस्टरशायर दोन्ही आधीच खारट असतात. मंद आचेवर पंधरा मिनिटं. ब्राउन शुगर दोन लहान चमचे असं सगळीकडे लिहिलेलं असतं. त्यातला एकच घालावा आणि चाखावं. दुसरा आमच्याकडे बहुधा डब्यातच परत जातो, पलीकडच्या बाई जेवायला असल्या तर नाही.